बाबांच्या मेंबरशिपचा शेवटचा आठवडा

निघण्याआधी, मुलुंड

२००१च्या मार्चमध्ये बाबांनी दादरच्या एका हॉलमध्ये टाइमशेअरच्या कागदांवर सही केली, तेव्हा मी कॉलेजात होतो. टाइमशेअर म्हणजे आधी पैसे भरून पुढची ठरावीक वर्षं दरवर्षी काही रात्री रिसॉर्टमध्ये राहायचा हक्क. आमचा पंचवीस वर्षं, दरवर्षी सात रात्री, एका बेडरूमचं युनिट आणि मधला सीझन, म्हणजे ऐन गर्दीचे आठवडे सोडून. घरी आले ते एक डिनर सेट आणि रिसॉर्टच्या फोटोंची जाड पुस्तिका घेऊन. आईनं पुस्तिका चाळली आणि एकच विचारलं, "तिथे ओटा आहे ना?" ओटा होता, गॅस होता, चार भांडीही होती. मग तिची काही तक्रार राहिली नाही.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. मेंबरशिप आईच्या नावावर आली आणि येत्या मार्चमध्ये ती संपते. म्हणजे हा शेवटचा आठवडा. भाऊबीजेला ताई आणि भाऊजी नागपूरहून मुलांसह यायचे होते. तेव्हा सगळ्यांनी मिळून जायचं आणि मुलांना थीम पार्क दाखवायचं, असं सप्टेंबरातच ठरलं. कुठे राहायचं हे ठरायला मात्र तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे मी इथे सविस्तर लिहितोय, कारण सहल बरी होणार की नाही हे बरंचसं तिथेच ठरलं.

भाऊजींचं पहिलं मत होतं, ऑर्लँडो. कंपनीच्या कामानं ते दोन वर्षं फ्लोरिडात होते. आपला आठवडा एक्स्चेंज कंपनीकडे जमा करायचा, फी भरायची आणि त्या बदल्यात जगातल्या दुसऱ्या रिसॉर्टमधला आठवडा घ्यायचा, ही सोय जुनी आहे. अशा कंपन्यांतली आरसीआय तर १९७४ पासून चालू आहे. ऑर्लँडोच्या आसपास टाइमशेअरची अक्षरशः गर्दी आहे. १९७१ मध्ये डिस्ने वर्ल्ड उघडलं आणि किसिमी, लेक ब्युएना व्हिस्टा, इंटरनॅशनल ड्राइव्ह या पट्ट्यात अशी रिसॉर्टं एकामागून एक उभी राहिली. १९९१ मध्ये खुद्द डिस्नेनंही स्वतःचा क्लब काढला. दोन बेडरूमच्या युनिटमध्ये पूर्ण स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचं मशीन. भाऊजी सांगत होते आणि मुलं डोळे मोठे करून ऐकत होती. पण नऊ माणसांची विमानाची तिकिटं, व्हिसाच्या मुलाखती आणि आईचे गुडघे, यापुढे ते टिकलं नाही.

त्यांच्या तिथल्या अनुभवातली एक गोष्ट मात्र आम्ही ठेवून घेतली. तिथे पहिल्या वर्षी त्यांनी फोटो बघून रिसॉर्ट घेतलं. मोठा तलाव, तीन स्विमिंग पूल. डिस्नेची चारही पार्कं तिथून लांब आणि हायवेवर रोज गर्दी. दुसऱ्या वर्षी साधं पण फाटकाजवळचं घेतलं. सकाळी पार्क, दुपारी खोलीवर येऊन जेवण आणि झोप, संध्याकाळी पुन्हा पार्क. "रिसॉर्ट बघू नका," ते म्हणाले, "पार्कच्या फाटकापासून अंथरुणापर्यंतचा रस्ता बघा. तोही रात्री नऊ वाजता, झोपलेलं पोर खांद्यावर असताना."

हे मला लगेच पटलं, कारण २०१६ मध्ये आम्ही नेमकी तीच चूक केली होती. लोणावळ्याचं रिसॉर्ट घेतलं, दरीकडे तोंड असलेली बाल्कनी मिळाली म्हणून खूश झालो आणि खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कमधून रात्री परतताना घाटात अडीच तास अडकलो. मुलगा दोन वर्षांचा होता. दूध संपलं होतं. मागच्या सीटवर बाबा त्याला मांडीवर घेऊन बसले होते आणि पाय आखडले तरी हलले नाहीत. ती बाल्कनी कशी होती ते मला आज आठवत नाही. तो घाट आठवतो.

या वेळी आमच्या टाइमशेअर क्लबच्या यादीत आमच्या कामाची दोन ठिकाणं होती. लोणावळा, आणि घाटाखाली चौक गावाहून कर्जतला जाणाऱ्या रस्त्यावरचं एक छोटं रिसॉर्ट. पार्कला अगदी लागून एक हॉटेल आहे, पण ते टाइमशेअरमध्ये नाही. रोख पैसे मोजून तीन खोल्या घ्याव्या लागल्या असत्या आणि ओटा नाहीच. लोणावळा आणि पार्क यांच्यामध्ये घाट आहे. कर्जतच्या बाजूनं गेलं तर चौक, जुना पुणे हायवे, खोपोली आणि तिथून पाली रस्ता. पाऊण तास लागेल, पण सगळा सपाटीचा. मुलांना लोणावळ्याचा पूल हवा होता, बायकोला हवा हवी होती. आईनं विचारलं, "महडचा वरदविनायक कुठल्या रस्त्यावर लागतो?" तो खोपोलीच्या अलीकडे, जुन्या हायवेला लागूनच. मग कर्जत नक्की झालं.

राहिला प्रश्न दिवसांचा. एका युनिटमध्ये नऊ माणसं मावत नाहीत आणि दोन युनिटं घेतली की रात्री दुप्पट कापल्या जातात. तीन रात्री म्हणजे सहा गेल्या. दिवाळीचा आठवडा वरच्या सीझनात मोडतो, तो आम्हाला मिळणार नव्हताच. भाऊबीजेनंतरचा सोमवार मात्र आमच्या सीझनात बसत होता आणि शाळा अजून उघडायच्या होत्या. कुणी टाइमशेअर घेत असेल, तर रिसॉर्टच्या फोटोंआधी सीझनांचं कॅलेंडर मागून घ्यावं आणि मुलांच्या शाळेच्या सुट्ट्यांशी ताडून बघावं. बाबांनी ते बघितलं नव्हतं. आमचे कितीतरी आठवडे त्यामुळे वाया गेले.

सोमवार

दोन गाड्या, त्यातली एक भाड्याची. डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी, आणि उरलेला सगळा फराळ. ऐरोली पुलावरून ठाणे-बेलापूर रस्ता, कळंबोली, मग पळस्पे फाट्याला कोथिंबीर वडी आणि पियूष. एक्स्प्रेसवे न घेता जुना हायवे धरला. चौकजवळ डाव्या हाताला इर्शाळगड दिसायला लागला. जुलै २०२३ मध्ये त्याच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली, हे भाचीनं विचारलं म्हणून सांगितलं. गाडीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही. आईनं खिडकीतून हात जोडले.

रिसॉर्टवर चेक-इन दुपारी दोनला होतं, म्हणून आधी सरळ महडला गेलो. तळ्याकाठचं साधं, कौलारू वळणाचं देऊळ. १७२५ मध्ये रामजी महादेव बिवलकरांनी ते बांधलं. इथे भक्ताला स्वतः गाभाऱ्यात जाता येतं, आणि आत १८९२ पासूनचा नंदादीप तेवतोय असं सांगतात. सोमवारी दुपारी गर्दी नव्हती. आई गाभाऱ्यात बसली ती वीस मिनिटं उठली नाही. माझी धाकटी मुलगी बाहेर तळ्यातले मासे बघत होती, तिलाही कुठे जायची घाई नव्हती.

युनिटं शेजारशेजारची मिळाली. दोन आठवड्यांपूर्वी फोन करून मी तळमजला मागितला होता आणि आदल्या दिवशी पुन्हा विचारून घेतलं होतं. मागून घेतल्याशिवाय तळमजला मिळत नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर प्रवास असेल तर तळमजल्याची किंमत कुठल्याही दृश्यापेक्षा जास्त आहे. पूल लहान होता. बागेतला झोपाळा कुरकुरत होता. मुलगा म्हणाला, "लोणावळ्याचा मोठा होता." खरं होतं. त्यावर मी काही बोललो नाही.

आईनं आत आल्याआल्या ओट्यावरची भांडी मोजली. कुकर एकच, दोन पातेली, तवा, कढई नाही. तिनं घरून छोटी कढई आणली होती. पंचवीस वर्षांची सवय आहे तिची. चहा झाला आणि चिवडा, चकल्या घेऊन सगळे अंगणात बसले. माथेरानचा डोंगर अंधारात विरघळेपर्यंत कुणी आत गेलं नाही.

मंगळवार

पार्कचा दिवस. फाटक उघडायच्या अर्धा तास आधी आम्ही तिथे होतो, कारण पहिल्या तासातल्या रांगा आणि बाराच्या रांगा यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं. पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क आलं. त्याआधी मुंबईच्या पोरांची सगळी हौस गोराईला फिटायची. १९८९ मध्ये तिथे एस्सेलवर्ल्ड निघालं आणि मार्वेहून लाँचनं खाडी ओलांडून जायचं. ताईला आणि मला बाबा तिथेच घेऊन गेले होते. मुलांना ते पार्क दाखवायचं मनात होतं, पण २०२२ मध्ये ते बंद झालं.

बाहेरचं खाणं आत चालत नाही, म्हणून सकाळी खोलीवरच पोटभर पोहे झाले होते. ही ओट्याची पहिली कमाई. फाटकाशी आईसाठी व्हीलचेअर घेतली. आधी ती नको म्हणाली. ताईनं तिच्या हातावर हात ठेवून सांगितलं, "आई, पाय संध्याकाळसाठी राखून ठेव." मग बसली.

भाची, मुलगा आणि भाऊजी सरळ नायट्रोकडे पळाले. तळाला फरशी नसलेला रोलर कोस्टर. पाय हवेत लोंबकळत असतात, उंची १३२ फूट आणि वेग ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास. पाच वेळा माणूस उलटा होतो. तिथे उंचीची पट्टी आहे. मुलगा त्या पट्टीखाली श्वास रोखून, मान ताठ करून उभा राहिला आणि बसला. भाचा अंगठ्याएवढा कमी पडला. नऊ वर्षांच्या मुलासाठी ती पट्टी म्हणजे शाळेतला निकाल असतो. त्याचे डोळे भरले. घरीच दाराच्या चौकटीला उभं करून मापं घ्यायला हवी होती आणि कोण कशात बसणार हे मुलांना आधीच सांगायला हवं होतं. मी त्याला घेऊन राजासॉरसच्या होडीकडे गेलो. राजासॉरस हा खरोखर आपल्याकडचा डायनोसॉर. गुजरातेत नर्मदेच्या परिसरात त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये त्याला नाव मिळालं, राजासॉरस नर्मदेन्सिस. हे भाच्याला माझ्याआधी माहीत होतं. होडी वरून खाली पाण्यात आदळली तेव्हा तो आनंदानं ओरडला आणि मग दिवसभर नायट्रोचं नाव त्यानं काढलं नाही.

आईला आम्ही 'आय फॉर इंडिया'मध्ये नेलं. खुर्च्या हवेत उचलल्या जातात आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर आपण देशावरून उडत जातो. हिमालय आला, घाट आले, समुद्र आला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुझ्या बाबांना आवडलं असतं." नंतर आम्ही पुन्हा एकदा त्याच रांगेत उभे राहिलो, तिच्यासाठी.

धाकटीचं जग वेगळं होतं. उडणाऱ्या हत्तीत ती चार वेळा बसली. सहा वर्षांचं मूल दुपारी अडीचपर्यंत छान असतं, आणि अडीचला एकदम संपतं. तेच झालं. आइसक्रीम सांडलं आणि ती जमिनीवरच बसली. इथे भाऊजींचं ऑर्लँडोचं गणित कामाला आलं. दोन गाड्या होत्याच. मी, आई आणि धाकटी तीनला निघालो. पार्कच्या फाटकातच ती झोपली. खोपोली, चौक, सपाट रस्ता. पावणेचारला मी तिला आमच्या पलंगावर ठेवलं तेव्हा तिची मूठ अजून माझ्या शर्टात होती.

आई आडवी झाली नाही. तासभर पाय वर घेऊन बसली आणि मग कुकर लावला. मुगाच्या डाळीची खिचडी, कढी, भाजलेले पापड. सहाच्या सुमाराला एक अवकाळी सर येऊन गेली. ताईचा फोन आला की बाहेरच्या राइड थोडा वेळ थांबवल्यात, मुलं आत अलीबाबाच्या गुहेत चोरांवर नेम धरतायत. मग संध्याकाळची परेड, दिवे, संगीत. ते सगळे साडेआठला पोचले. ओले, भुकेले, सगळे एकाच वेळी बोलणारे. नऊला ताटं वाढली होती. धाकटी दोन तास झोपून ताजीतवानी झाली होती आणि परेडमध्ये काय काय होतं ते दादाकडून पुन्हा पुन्हा ऐकत होती. खिचडीवर तूप ओतताना भाऊजी म्हणाले, "किसिमीत हेच करायचो, फक्त ही कढी नव्हती."

२०१६ साली याच वेळी आम्ही घाटात होतो.

बुधवार

सकाळी रिसॉर्टच्या ऑफिसातून फोन आला. 'सदस्यांसाठी चहापान'. मला ठाऊक होतं, मेंबरशिप संपत आली की हे बोलावणं येतंच. आई म्हणाली, जाऊन ऐकू तरी. तरुण मुलगा होता, नम्र होता. दहा वर्षांची नवी योजना, आजच सही केली तर सवलत, दोन रात्री जास्तीच्या, मुलांच्या नावे करता येईल. आईनं पिशवीतून बाबांची वही काढली.

ही वही मी कॉलेजात असल्यापासून पाहतोय. लांबट, तपकिरी पुठ्ठ्याची. प्रत्येक मुक्कामाची तारीख, गाव, युनिटचा नंबर, किती रात्री कापल्या, काय स्वयंपाक झाला. शेवटच्या पानांवर हिशोब. रात्रीच मी तो पूर्ण केला होता. २००१ मध्ये भरलेले १ लाख ४० हजार. वार्षिक देखभाल खर्च सुरुवातीला अगदी थोडा आणि शेवटी जीएसटी धरून अठरा हजारांच्या वर गेलेला, सगळा मिळून साधारण अडीच लाख. एकूण ३ लाख ९० हजार. पंचवीस वर्षांच्या १७५ रात्री होतात. सगळ्या वापरल्या असत्या तर रात्र सव्वादोन हजारांना पडली असती. आम्ही वापरल्या ९६, या तीन दिवसांतल्या सहा धरून. म्हणजे रात्रीला चार हजारांहून थोडे जास्त. कधी परीक्षा होत्या, कधी आजारपण, कधी आम्हाला हव्या त्या तारखेला खोली नव्हती. देखभाल खर्च मात्र प्रत्येक वर्षी भरला.

मी त्या मुलाला तीनच गोष्टी विचारल्या. देखभाल खर्च वर्षाला जास्तीत जास्त किती वाढू शकतो, हे करारात लिहिलंय का? मे महिन्यात आणि दिवाळीत खोली मिळेल याची लेखी हमी आहे का? नको झालं तर परत कोण घेणार, आणि सही केल्यावर किती दिवसांत मन बदलता येईल? भाऊजी शेजारून म्हणाले, फ्लोरिडात कायद्यानंच दहा दिवस मिळतात. मुलगा कागद शोधत राहिला. "आजच सही" या दोन शब्दांचा मला मनापासून राग आहे. बाबांनीही त्याच शब्दांवर सही केली होती. त्यांना पुस्तिका घरी नेऊन एक रात्र विचार करू दिला असता, तर त्यांनी कदाचित हीच मेंबरशिप घेतली असती, पण वरच्या सीझनची, आणि मुलांच्या शाळेच्या सुट्ट्यांत आम्ही गेलो असतो.

आईनं वही मिटली. "बाळा, मला चौऱ्याहत्तर पूर्ण झालीत," ती म्हणाली, "आणि ह्यांची पोरं आता आपली आपण जातात." चहा पिऊन आम्ही उठलो.

दुपारी मोठी मुलं पुलात. मी, ताई आणि आई पालीला गेलो, त्याच रस्त्यानं पार्कवरून पुढे. खोपोलीपासून चाळीसेक किलोमीटर. पार्कच्या फाटकावरून जाताना आई नायट्रोच्या रुळांकडे बघत होती. पालीला आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायचं, मग बल्लाळेश्वराचं. देवळातली मोठी घंटा चिमाजी अप्पांच्या वसईच्या स्वारीतली, १७३९च्या विजयानंतर आलेली. मागे सरसगड उभा. एकाच रस्त्यावर अष्टविनायकांतले दोन गणपती आणि त्यांच्या मधोमध मुलांचं पार्क, हे नकाशावर मी आधी नीट बघितलंच नव्हतं. आईला ते ठाऊक होतं. महडचा रस्ता तिनं विचारला होता तो उगाच नाही.

गुरुवार

सकाळी भांडी धुऊन जागेवर लावली. चेक-आउटला दहाची वेळ होती, साडेनऊला सामान गाडीत होतं. कर्जत स्टेशनवर वडापाव खाल्ला. ताईची गाडी संध्याकाळची होती म्हणून एक्स्प्रेसवेनं परतलो आणि जेवायला मुलुंडला.

संध्याकाळी ताई निघाल्यावर घर एकदम मोकळं झालं. आईनं वही उघडली आणि बाबांच्या अक्षराखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं. तारीख, कर्जत, तळमजला, दोन युनिटं, सहा रात्री कापल्या. पोहे, खिचडी, कढी. महड, पाली. त्याखाली तिनं रकान्यात वजाबाकी केली. सातातून सहा गेले.

"एक उरलीय," ती म्हणाली. "मार्चच्या आत. तू आणि मी महाबळेश्वरला जाऊन येऊ. ह्यांनी सगळ्यात आधी तिथलंच लिहिलंय, पहिल्या पानावर."

मी पान उलटून बघितलं. मे २००१, महाबळेश्वर, युनिट १४, वरण-भात.